गुडघ्यांचा सोमवार

विश्राम जानू तोरस्कर, वय वर्षे एक्क्याऐंशी, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या रुग्णालयात तिसऱ्यांदा आले होते. दाखल्यावाचून त्यांना चाकांची खुर्ची मिळणार नव्हती.

अधीक्षक उभ्याउभ्याच गरजले, "आज गुरुवार, फक्त कान! गुडघे सोमवारी, डोळे बुधवारी. अख्खा माणूस आम्ही एकदम तपासत नाही."

थकलेले विश्राम साहेबांच्याच रिकाम्या खुर्चीत टेकले.

"अहो आजोबा, माझ्या खुर्चीतून उठा!"

"ऐकले, साहेब. आज कानांचा वार, ते हजर आहेत. उठण्याचे खाते मात्र गुडघ्यांचे. त्यांना सोमवारी सांगा."

सोमवारपर्यंत उभे राहायचे, या कल्पनेनेच साहेबांचे गुडघे लटपटले. त्यांनी तिन्ही डॉक्टरांना तिथेच बोलावले.

विश्रामांना दाखला मिळाला. तेव्हापासून त्या रुग्णालयात तिन्ही तपासण्या एकाच दिवशी, एकाच खोलीत होतात.