एका ओवीला एक शिंपला

नदीला पूल नव्हता, गावात दवाखाना नव्हता आणि पहाटे घराघरांतून जात्याची घरघर यायची, त्या काळातली ही गोष्ट. आमच्या बोरजाईच्या वाडीत हौसाक्का नावाची भडभुंजीण राहायची. वेशीजवळ तिची भट्टी. तापल्या वाळूत साळी टाकल्या की पांढऱ्याशुभ्र लाह्या उडायच्या. असं म्हणतात, तिच्या भट्टीचा वास आला की रडतं पोर गप्प व्हायचं.

त्या वेळी लोकांची एक समजूत होती. ज्याला उलटी होते त्याला पाणी द्यायचं नाही, पाण्यानं उलटी वाढते. त्यापायी किती लेकरं गेली असतील, देवालाच ठाऊक.

एका उन्हाळ्यात अन्साचा शिदू आजारी पडला. अन्साला तेवढं एकच. सकाळपासून त्याच्या पोटात काही ठरेना. सुंठ चाटवली, वेलदोड्याची राख मधातून दिली, तीही बाहेर आली. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, ओठ वाळले, पोर रडलं तर डोळ्यांत पाणी येईना. "आये, पाणी," एवढंच म्हणायचं. आणि अन्साचा सासरा घागरीवर हात ठेवून बसलेला.

शेवटी अन्सा तशीच भट्टीकडे धावली. हौसाक्कानं कढई उतरवली, ओच्यात लाह्या घेतल्या आणि आली.

"भाजणारीनं दाणं भाजावं," सासरा गुरगुरला. "पाणी पाजून पोर मारतीस व्हय?"

"आबा, साळीत ओल असंल तर लाही फुलती. कोरडा दाणा नुसता करपतोय. तुमचा नातू करपाय लागलाय."

म्हाताऱ्याचा घागरीवरचा हात निघाला.

हौसाक्कानं लाह्या भिजवल्या, पाणी गाळलं, चिमूटभर मीठ आणि खडीसाखर घातली. मग नदीतला एक शिंपला धुऊन घेतला. अन्साला म्हणाली, "तू जात्यावर बस. ओवी म्हण. ओवी सरली की मी एक शिंपला पाजते. त्याच्या आधी न्हाई."

जातं फिरू लागलं. ओवी सरली, शिंपला. ओवी सरली, शिंपला. पाणी पोटात ठरू लागलं. पोरानं डोळे उघडले आणि पुन्हा पाणी मागितलं. अन्साला राहवलं नाही. उठली आणि अख्खा तांब्या त्याच्या तोंडाला लावला. शिदू घटाघटा प्याला, आणि सगळं भडभडून बाहेर आलं. मान टाकली त्यानं.

"सांगत न्हवतो?" सासरा ओरडला. अन्सानं कपाळ बडवून घेतलं.

हौसाक्कानं पदरानं पोराचं तोंड पुसलं. "आईच हायस, दुसरं काय करणार? जरा दम खाऊ दे त्याच्या पोटाला. मग बस परत जात्यावर."

पुन्हा पहिल्यापासून. अन्साला ओव्या सुचेनात, तेव्हा शेजारीण येऊन खुंट्याला हात लावून बसली. तिच्या सरल्या तशी दुसरी आली. असं म्हणतात, जात्यात दाणा नव्हता तरी पीठ पडत होतं. विझल्या भट्टीत लाह्या आपोआप फुलत होत्या. नदी वळणावर थांबून ऐकत होती. बायकांच्या ओव्या संपल्या तेव्हा म्हाताऱ्यानं स्वतः खरखरत्या आवाजात एक ओवी म्हटली. बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. "आबा, सूर ऱ्हावू द्या, पर थांबू नगा," हौसाक्का म्हणाली.

दिवेलागणीला शिदूनं सकाळपासून पहिल्यांदाच शू करून गोधडी ओली केली. म्हाताऱ्यानं हात लावून पाहिलं, आणि त्या ओल्या गोधडीपायी गावभर गूळ वाटला.

हौसाक्का कधी गेली, कुणी पाहिलं नाही. असं म्हणतात, एका पुरात पाण्यावर लाह्या पसरल्या आणि त्यांवरून चालत ती पलीकडच्या गावी गेली. तिकडंही कुणाचं तरी लेकरू आजारी होतं.

आता भट्टी नाही. जाती परसात पालथी पडलीत. उलटी झाली की पोराला घेऊन आम्ही आधी दवाखान्यात पळतो. डॉक्टर उलटीचं औषध देतात, ते मापानं पाजतो. पण त्यानंतर पाणी पाजायचं ते हौसाक्काच्या नावानं, ओवी म्हणून, घोट घोट. ओवी येत नसेल तर पाळण्याचं गाणं म्हणावं, तेही तिला चालतं म्हणतात. आणि भरदुपारी कुणाच्या घरातून ओवी ऐकू आली, तर आमच्याकडं कुणी निरोपाची वाट बघत नाही. हातातलं काम टाकून शेजारीण उंबऱ्यात येते, आणि पुढची ओवी ती म्हणते.