ठकूमायचं उ-तार-बंद

फार वर्षांपूर्वी, चैत्रातल्या एका मंगळवारी शाळेच्या घड्याळात सव्वाचार वाजले, शाळा सुटली आणि तिथून हे सगळं सुरू झालं, असं म्हणतात.

कातळवेढं गाव नदीच्या अल्याड, शाळा पल्याड. नदी पायी ओलांडायच्या जागेला तिकडं उतार म्हणतात. त्या दुपारी शाळा सुटण्याआधीच उताराची वाळू आतून खचली आणि मधोमध माणूस बुडेल एवढा डोह पडला. वरून मात्र पाणी घोटाभरच दिसायचं. कोतवालानं पल्याडच्या खडकावर चुन्यानं मोठं लिहिलं, 'उतारबंद'. मग लांबच्या साकवावरून नदी ओलांडून त्यानं गावात दवंडी दिली.

ठकू दारात भात कांडत होती. दवंडी ऐकली आणि तिनं कांडण तसंच टाकलं. शाळा तर सुटली असणार! तिची लेक हौसा नुकतीच अक्षरं जोडायला लागलेली. सुरुवातीचं वाचायची अन् पुढचं गिळून टाकायची. ठकू हातातल्या मुसळासकट धावत सुटली.

"अगं ठकू, लेकीला ओवाळायला मुसळ कशाला गं?" शेजारीण हसली. ठकूनं मागं पाहिलं नाही.

काठावर पोचली, तर समोर हौसा परकर खोचून उभी. वारा गावाकडं होता, तिचा आवाज स्पष्ट आला.

"आये, वाचलं मी! उतार लिवलंय!"

"नको गं! मागं फीर, डोह पडलाय!"

पण खालच्या खडकांवर पाणी असं गर्जत होतं, की ठकूचं लांबलचक ओरडणं मध्येच बुडालं. पोरीला वाटलं, आई बोलावतेय. तिनं एक पाऊल पाण्यात टाकलं.

ठकूला वाचता येत नव्हतं, पण दवंडीतला शब्द कानात होता. तिनं मुसळ उचललं आणि कातळावर हाणलं.

"उ!"

पुन्हा हाणलं. "तार!"

तिसऱ्यांदा हाणलं तेव्हा नदी क्षणभर गप्प झाली, मासे जागच्या जागी थबकले, असं म्हणतात.

"बंद!"

हौसा वळली. तिनं खडकावर बोट ठेवलं. उ. तार. अगं बाई, पुढं अजून उरलंय की! "बं... द." तिनं पाय झटकन मागं घेतला. तो जिथं होता, तिथली वाळू त्याच घटकेला खाली गेली.

पुढं ठकू साऱ्या गावाची ठकूमाय झाली. पोरं शब्दाला अडली की ठकूमाय म्हणायची, "भाकरी काय अख्खी कोंबता तोंडात? तुकडा मोडा की!" तिच्या घावांनी कातळाला खळगे पडले, असं म्हणतात.

अजूनही कातळवेढ्यात लेकराला शाळेत घालायच्या आदल्या दिवशी त्या कातळावर नेतात. ते आपल्या नावाचे तुकडे पाडतं, तुकड्यागणिक मूठ आपटतं. शेवटचा तुकडा मात्र कुणी सांगायचा नाही, आईनंसुद्धा नाही. लेकरू बोलेपर्यंत सगळे श्वास रोखून उभे.

तुमच्या घरी वाचताना अडखळणारं लेकरू असेल, तर डाफरू नका. शब्द फोडायला लावा, शेवटपर्यंत जायला लावा. आणि हे शेजारणीच्याही कानावर घाला. तिचंही लेकरू कुठल्यातरी काठावर उभं असेल.