जसिंताची मिटलेली मूठ

वसईच्या पट्ट्यात, मिठागरांच्या कडेला, पाणखार नावाचे गाव आहे. तिथल्या संत आन्नाच्या चर्चला फादर इजिदोरांचा सहवास लाभला हे त्या गावाचे भाग्य. लेकराचे अंग तापले, की पाणखारच्या आया त्याच्या कपाळावर हात ठेवून आजही फादरांचे नाव घेतात.

फादर गावात आले तेव्हा केळी नुकत्याच निसवल्या होत्या. अंगाने काटकुळे, आवाज इतका मऊ, की मागच्या बाकांवरच्या माणसांना कान पुढे करावे लागत. मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, एखादे तान्हे रडू लागले, की ते प्रवचन थांबवत आणि त्याच्या आईने त्याला पदराखाली घेऊन शांत केले, की पुढचे वाक्य उचलत. अशा धर्मगुरूंच्या पायाशी घडलेली ही गोष्ट, भाविकहो, मन लावून ऐका.

चर्चमध्ये डावीकडचा पहिला बाक पावलीनबाईचा. ती महिला मंडळाची पुढारीण. रविवारची मिस्सा, बुधवारची नोव्हेनाची प्रार्थना, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारची क्रूसाची वाट, यांतले काही म्हणून तिने कधी चुकवले नव्हते. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घरोघर ख्रिस्तप्रसाद, ख्रिस्ताचे शरीर मानलेली पातळ पांढरी भाकर, द्यायला निघत, तेव्हा पेटती मेणबत्ती घेऊन पुढे चालायची तीच. कोणत्या घरी वळायचे, कोणत्या नाही, हे तिच्या मेणबत्तीवर ठरे.

त्या वर्षी उपवासकाळाच्या पहिल्याच रविवारी तिच्या नजरेला काहीतरी खटकले.

खाडीकडच्या कौलारू घरातली जसिंता ओळीत उभी होती. दूर डोंगरातल्या पाड्यावरून ती लग्न होऊन आली होती. नवरा आग्नेल मासेमारीच्या बोटीवर, आठ-आठ दिवस समुद्रात. घरी लुळी पडलेली सासू मोनीबाय. जसिंताच्या कडेवर तिचे तान्हे होते. तिने हात पुढे केला, फादरांनी तळव्यावर तिथल्या तिथे खायचा ख्रिस्तप्रसाद ठेवला. हात तोंडाकडे गेला खरा, पण ओठ हलले नाहीत. मूठ मिटली, आणि ती मिटलेली मूठ घेऊन जसिंता बाजूच्या दाराने निघून गेली.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मग काय विचारता! पावलीनबाईला दुसरे काही दिसेना. क्रूसाच्या वाटेत, ख्रिस्ताच्या दुःखाची चौदा स्थाने फिरताना, तिसऱ्या स्थानी प्रभू ख्रिस्त पडला, तेव्हा ती जसिंताच्या पदराकडे पाहत होती. सातव्या स्थानी पडला, तेव्हा मुठीकडे. नवव्या स्थानी पडला, तेव्हाही तिकडेच.

"गे फ्लोरी, तू बघितलंस?" तिने शेजारणीला गाठले.

"काय गे?"

"खात नाही ती. घरी घेऊन जाते."

"घरी नेऊन काय करील?"

"काय करील म्हणजे? पाड्यावरची ती. तिकडं भगत असतात, अंगारे असतात. आग्नेलसारखा सरळ पोरगा हिच्या जाळ्यात उगाच का अडकला? शिकलेली, गोरीगोमटी मुलगी मी त्याच्यासाठी आणली होती."

"तुझी भाचीच ना ती?"

"भाचीचं काय मध्ये आलं इथं!" पावलीनबाई फणकारली. "मी धर्माचं बोलतेय."

पण खरे दुखणे तेच होते. पावलीनबाई आणि मोनीबाय या एके काळच्या जिवाभावाच्या मैत्रिणी. भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन एकत्र बाजाराला जायच्या. भाचीचे स्थळ नाकारून मोनीबायने पाड्यावरची सून करून आणली, त्या दिवसापासून पावलीनबाई तिच्या घराची पायरी चढली नव्हती. नाताळच्या सुमारास मोनीबायला अर्धांगाचा झटका आला, उजवे अंग गेले, वाचा गेली, तरीही नाही.

कुजबूज वाढली. जसिंता आली, की बायका बाकावर सरकायच्या, पण जागा द्यायला नव्हे. ती बिचारी मागे खांबाला टेकून उभी राही.

झावळ्यांचा रविवार झाला. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी पावलीनबाई फादरांकडे गेली. ते चर्चमागच्या विहिरीवर पाणी शेंदत होते.

"फादर, एक पाप तुमच्या कानावर घालायचंय."

"तुमचं का?"

"माझं कशाला असेल?" आणि तिने सगळे सांगितले. भगत, अंगारे, वशीकरण, काही ठेवले नाही.

फादरांनी पोहरा काठावर टेकवला. "पावलीनबाय, ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर माणूस डोळे मिटतो. तुमचे उघडे कसे?"

फादरच पुढे म्हणाले, "आणि मोनीबाय कशी आहे हो? आजाऱ्यांच्या फेरीत तुम्ही मला त्या घरी कधीच नेलं नाही."

"तिला शुद्ध कुठं आहे, फादर! तोंडात घातलेलं बाहेर येतं. उगीच प्रसादाची विटंबना नको, म्हणून..."

"तुम्ही जाऊन पाहिलंत?"

"गावात सगळे म्हणतात."

फादरांनी पोहरा घागरीत ओतला. "बरं," ते म्हणाले. "उद्या मिस्सा आटोपली, की आपण दोघं जाऊ. मेणबत्ती घेऊन या."

ती घरी परतली ती संशयाचे नवे ओझे घेऊन. फादर एका शब्दानेही त्या पोरीला दोष का देत नाहीत? तेही फितूर झाले की काय? आणि उद्या त्यांनी मोनीबायला पाहिले, म्हातारी शुद्धीवर निघाली, तर? त्याआधीच जसिंताची चोरी चव्हाट्यावर आली पाहिजे. एकदा ती मूठ सगळ्यांसमोर उघडली, की मेणबत्ती कुठे वळली नाही, हे कोण विचारणार होते?

आज्ञा गुरुवार, प्रभूच्या शेवटच्या भोजनाचा दिवस, उजाडला. संध्याकाळच्या मिस्सेत ग्लोरियाचे स्तुतिगीत गाताना घंटा दणाणल्या आणि मग मुक्या झाल्या. आता पुनरुत्थानाच्या सणापर्यंत घंटांऐवजी नुसती लाकडी खटखट. ख्रिस्ताने शिष्यांचे धुतले तसे बारा जणांचे पाय धुऊन झाले. ओळ पुढे सरकली. जसिंताच्या तळव्यावर ख्रिस्तप्रसाद आला, मूठ मिटली, आणि ती बाजूच्या दाराने ओट्यावर आली.

तिथे पावलीनबाई उभी होती. मागे फ्लोरी आणि आणखी चार-पाच जणी.

"मूठ उघड."

जसिंता दचकली. "जाऊ दे मला, बाय."

"उघड म्हणते ना! काय आहे त्यात?"

"माझ्या सासूचं आहे."

"ऐकलंत? सासूचं आहे म्हणे! देव काय तुझ्या सासूनं पेटीत घालून ठेवलाय?" बायका हसल्या. पावलीनबाईने तिचे मनगट धरले. कडेवरचे तान्हे भेदरून रडू लागले, दुधासाठी छातीशी तोंड घासू लागले. पण एका हातात लेकरू आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली, जसिंता चोळीचे बटण काढणार कशी? फ्लोरीने लेकराला घ्यायला हात पुढे केले, तर तिने ते अधिकच घट्ट धरले.

"बाय, पाया पडते," ती काकुळतीने म्हणाली. "कालपासून तिनं पेजेचा घोट घेतला नाही. आता हेच तेवढं तिच्या घशाखाली उतरेल. आज नाही पोचलं, तर ती उपाशी जाईल गे!"

"ढोंगं नकोत. फादर येईपर्यंत इथून हलायचं नाही."

आत गाणे चालू होते, बाहेर लेकरू रडत होते. उरलेली मिस्सा संपेपर्यंत जसिंता तशीच उभी राहिली. तिच्या कोपरावरून घाम ठिबकत होता, पण तिने मूठ सैल केली नाही.

फादर बाहेर आले. ते सरळ जसिंतासमोर गेले आणि त्या मिटलेल्या मुठीपुढे गुडघे टेकले. बायकांचे हसू जागच्या जागी विरले.

"बाय," फादर म्हणाले, "हा तुझ्याबरोबर कुठं निघालाय?"

"घरी, फादर. आमच्याकडं कुणी देवाच्या जागी गेलं, की जो येऊ शकला नाही त्याच्यासाठी घेऊन येतात. त्याच्या आधी आपण खात नाही. सासू तर अंथरुणावर. म्हणून तिच्यासाठी नेते."

"आणि तुझा?"

"एकच तर मिळतो," जसिंता म्हणाली. "तिला देते. ती पडल्यापासून मी कधी खाल्लाच नाही."

"तुझ्याकडं बोट दाखवण्याआधी तुला सांगायला हवं होतं," फादर म्हणाले. "प्रसाद असा न्यायचा नसतो, बाय. तो ज्याचा त्याला पोचवायचं काम माझं. ते माझ्या हातून राहिलं, म्हणून तुला करावं लागलं." मग त्यांनी वर पाहिले. "छत्र आणा. पावलीनबाय, मेणबत्ती पेटवा. तो ज्या घरी निघालाय, तिथंवर आपण त्याच्या मागून जाऊ."

मावळतीला ती मिरवणूक निघाली. छत्राखाली अनवाणी जसिंता, एका कडेला लेकरू, छातीशी मूठ. बाजूला फादर. पुढे मेणबत्ती धरलेली पावलीनबाई. आणि आयुष्यात पहिल्यांदा मेणबत्ती तिला नेत होती, ती मेणबत्तीला नव्हे. मनात मात्र एकच घोकत होती: मुठीत असणार लगदा. इतका वेळ, इतका घाम! उघडली, की सगळ्यांना दिसेल ही विटंबना.

घर शेणाने सारवलेले, स्वच्छ. बाजेवर मोनीबाय. केस विंचरलेले, अंगावर धुतलेले लुगडे. हिला सांभाळत नसतील, हाही पावलीनबाईचा संशय तिथेच निकालात निघाला. फादरांनी हात पुढे केला. जसिंताने मूठ उघडली.

तळवा घामाने चिंब होता. ख्रिस्तप्रसाद कोरडा, अखंड, पांढराशुभ्र. काठसुद्धा वाकला नव्हता! फ्लोरीने क्रूसाची खूण केली. पावलीनबाईने वाकून, डोळे बारीक करून पाहिले. काही तरी चलाखी असेल, तिचे मन म्हणाले. आणि आपल्याच त्या मनाची तिला भीती वाटली.

फादरांनी तो उचलून मोनीबायच्या समोर धरला. "ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," मोनीबाय म्हणाली.

जसिंताच्या तोंडून हुंदका फुटला. नाताळपासून त्या ओठांतून शब्द आला नव्हता! आणि ऐका भाविकहो, एवढ्यावर थांबले नाही. म्हातारीचा तो उजवा हात, मेलेल्या माशासारखा पडून असलेला, थरथरत वर आला. त्याने फादरांचे मनगट धरले आणि हळूच सुनेकडे वळवले.

"अर्धा तिला," मोनीबाय म्हणाली. "कधीची उपाशी आहे माझी पोर."

फादरांचे डोळे भरून आले. त्यांनी प्रसादाचे दोन भाग केले, एक सासूला दिला, एक सुनेला. दोघींनी तो एकमेकींकडे पाहत घेतला. तेवढ्यात लेकराने पुन्हा टाहो फोडला, आणि आता दोन्ही हात मोकळे झालेली जसिंता भिंतीकडे तोंड करून त्याला पाजायला बसली.

पावलीनबाई दाराशी मेणबत्ती धरून उभी होती. म्हातारी इतके दिवस सोंग करत होती का? शेवटचा संशय तिच्या मनात वळवळला. तोच बाजेवरून हाक आली.

"पावलीन का गं ती? आलीस? ये, बस इथं. किती दिवसांनी आलीस!"

ना राग, ना टोमणा. पाट्या उतरवून बाजारातल्या झाडाखाली टेकताना मारावी, तशी हाक. त्या हाकेपुढे संशयाला उभे राहायला जागाच उरली नाही. पावलीनबाई बाजेपाशी मटकन बसली.

"मीच फादरांना येऊ दिलं नाही गं, मोने," ती रडत म्हणाली. "तुला शुद्ध नाही, असं खोटं सांगितलं. या पोरीला चोर केलं. चोर मी होते. तुझ्या तोंडचा घास मी चोरला." तिने जसिंताच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे हात नेला, तसे त्या पोरीने पाय पोटाशी ओढून घेतले.

"असं नको करू, बाय," ती पुटपुटली. "लेकरू आत्ताच झोपतंय."

मोनीबायचा तो नव्याने जिवंत झालेला हात मैत्रिणीच्या डोक्यावर आला. फादर बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले.

ईस्टरच्या सकाळी घंटा पुन्हा वाजल्या. इतके दिवस फुलांविना असलेली वेदी मोगऱ्याने, चाफ्याने भरून गेली. सगळे गाव नवे कपडे घालून लोटले, आणि डावीकडचा पहिला बाक रिकामा! पावलीनबाईने ईस्टरची मिस्सा चुकवली? कुणाचा विश्वास बसेना.

ती खाडीकडच्या घरी होती. पहाटेच येऊन तिने जसिंताच्या कडेवरचे लेकरू काढून घेतले होते. "तू जा. घाईनं परत येऊ नको. शेवटचं गाणं होईपर्यंत थांब. या दोघांना मी बघते."

जसिंता ओळीत उभी राहिली, दोन्ही हात मोकळे. तिने ख्रिस्तप्रसाद घेतला, तोंडात ठेवला, डोळे मिटले. मिस्सेनंतर फादर आजाऱ्यांच्या फेरीसाठी निघाले, तशी ती त्यांच्यापाशी आली.

"फादर, आमच्या घरी आज दोघींसाठी न्या. पावलीनबायही यायची राहिलीय."

फादर हसले. म्हणाले, "चल, तू मेणबत्ती घे."

ते दारात आले तेव्हा पावलीनबाई भुईवर बसली होती, मांडीवर झोपलेले लेकरू. फादरांनी आधी मोनीबायला प्रसाद दिला. मग ते पावलीनबाईकडे वळले. जिथे तिने देवाला वळू दिले नव्हते, त्याच घरात, न येऊ शकलेल्या माणसाला आणून द्यावा तसा, तिच्यासाठी प्रसाद आला होता.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले.

पावलीनबाईने लेकराला धक्का लागू नये म्हणून एका हाताने सावरले. "आमेन," ती म्हणाली, आणि त्या सारवलेल्या भुईकडे तिचे मस्तक खाली, खाली वाकत गेले. या वेळी तिचे डोळे मिटलेले होते.