मावसबहिणीसाठी जागा

गावांना वेशी होत्या आणि वेशीचे दरवाजे सांजेला बंद होत, त्या काळातली ही गोष्ट. एका गावात टोपल्या विणणारी एक विधवा बाई आपल्या आंधळ्या सासूसोबत भाड्याच्या खोपटात राहत होती. दोघींचं पोट त्या टोपल्यांवरच चाले.

एका बाजाराच्या दिवशी घरमालक आला. खोपट पाडून त्याला तिथे गोठा बांधायचा होता. पुढच्या बाजारापर्यंत घर रिकामं कर, एवढं सांगून तो निघून गेला.

बाईला कोडं पडलं. म्हातारीला घेऊन जायचं कुठे? इथला उंबरा, चूल, रांजण तिच्या हातांना ठाऊक होते. पण गावात कळलं तर लोक काय म्हणतील, ही काळजी बाईला त्याहून मोठी वाटली. माणसाचं हे असंच असतं, डोक्यावरचं छप्पर जात असलं तरी तो आधी अब्रू सांभाळत बसतो.

मग ती दारोदार सांगू लागली की, माझी मावसबहीण गावात राहायला येतेय, तिच्यासाठी खोली हवी आहे. मावसबहीण मुळात नव्हतीच. लोकांनीही त्या न पाहिलेल्या बाईला परक्यासारखंच वागवलं. एकाने भाडं म्हणून वर्षाचं धान्य आगाऊ मागितलं. शेजारणीच्या परसातली खोली रिकामी होती, पण अनोळखी बाई नको, म्हणून तिनेही नकार दिला.

पाच दिवस गेले. बाईला जागा मिळेना. विणताना बांबूच्या कामट्या हातात मोडू लागल्या. म्हातारीला चाहूल लागू न देता ती एकेक भांडं गाठोड्यात बांधत होती.

सहाव्या दिवशी सकाळी म्हातारीने विचारलं, "सोमवार गेला, तरी घर सारवलं नाहीस?"

सुटणारं घर सारवायचं कशाला, हे बाईला सांगवेना. शेण मिळालं नाही, असं म्हणून ती पुन्हा जागा शोधायला गेली.

इकडे म्हातारीने कुडावरून शेजारणीला हाक मारली आणि पाटीभर शेण मागितलं. शेजारीण पाटी घेऊन आली, कोपऱ्यातली गाठोडी पाहिली आणि तिथेच बसून राहिली. सून परतली तेव्हा तिला खरं सांगावंच लागलं.

"अगं, खोली तुला हवी होती?" शेजारीण म्हणाली. "आणि मी माझ्या तोंडाने तुला नाही म्हटलं. कालच ती भाच्याला देऊन बसले."

त्या गावात एक रीत होती. ज्या घरात बारा वर्षं चूल पेटली, तिथल्या माणसाला दुसरी जागा मिळेपर्यंत उठवायचं नाही. मात्र मुदत संपण्याआधी पाच शेजाऱ्यांनी चावडीवर साक्ष द्यायची. बाईच्या चुलीला बारा वर्षं कधीच होऊन गेली होती. तिला रीतही ठाऊक होती, पण साक्ष मागायची म्हणजे बोभाटा होणार, म्हणून ती गप्प राहिली होती. आणि आता बाजार उद्यावर आला होता.

शेजारीण घरोघर फिरली. दुपार उलटली तरी चावडीवर चौघेच जमले. पाटील उठणार, इतक्यात वर्षाचं धान्य मागणारा तो माणूस खाली मान घालून आला आणि पाचवा उभा राहिला.

पाटलांनी बाईला विचारलं, "जागा कुणासाठी हवी?"

बाई पुढे आली. "मला हवी. मला आणि माझ्या सासूला."

गावाने तळ्याकाठची जागा तिला दिली. भाडं ठरलं, दर सुगीला गावाच्या खळ्यासाठी सहा टोपल्या. तिथे नवं खोपट उभं राहीपर्यंत घरमालकाला थांबावं लागलं.

पुढे एका सोमवारी बाईने नवी जमीन सारवली. शेण शेजारणीनेच आणलं होतं. म्हातारी भिंतीला हात लावत लावत चुलीपर्यंत गेली आणि तिथे निवांत बसली.

तात्पर्य: आपली अडचण आपल्याच नावाने सांगावी, नाहीतर मदतीला आपलं दार सापडत नाही.