परवानगीवरची सही

मुकुंद टिपणीस सत्तावीस वर्षांत एकाच सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामरपासून उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचले. मार्चमध्ये त्यांनी आपले शेअर विकले आणि रीतसर जाहीरही केलं. एप्रिलमध्ये कंपनीच्या तोट्याची बातमी आली, आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसणारं कोणी उरलं नाही.

अध्यक्ष घारपुऱ्यांनी त्यांना संचालकांसमोर बोलावलं. "तोटा कळला होता म्हणूनच विकलेत ना? राजीनामा द्या."

"साहेब, विकण्याआधी तुमची लेखी परवानगी लागते. मोठी बातमी बाहेर यायची असेल, तर परवानगी द्यायची नसते."

"नियम मला सांगू नका, टिपणीस. या कंपनीत माझ्या नकळत काही होत नाही."

टिपणिसांनी कागद पुढे सरकवला. "ही तुमची सही. तोटा ठाऊक असताना केली असेल, तर नियम तुम्ही मोडलात. ठाऊक नव्हता म्हणाल, तर तुमच्या नकळत तो मला कसा कळला?"

घारपुऱ्यांनी कागद उलटा करून ठेवला. राजीनाम्याचा विषय तिथेच संपला.

बाहेर एक संचालक हळूच म्हणाले, "तुमचं काही चुकलेलं नाही, हे मला माहीत होतं हो."

"मग तसं आत म्हणायचं होतंत," टिपणीस म्हणाले, आणि उघडी लिफ्ट त्यांच्यासाठी सोडून एकटेच जिना उतरू लागले.