येसा रंगारिणीची तीन चित्रं

एका राज्यात राजा डोळस होता, पण त्याला माणसं दिसत नसत. घोडे दिसत, महाल दिसत, आभाळात उंच फिरणारी घार दिसे. माणूस समोर आला की मात्र त्याच्या जागी धुक्याचा पुंजका उभा राही आणि त्यातून नुसता आवाज येई.

हे झालं कुहकनाथ मांत्रिकामुळे. त्याने राजा हेमांगदाला एक पेटी नजर केली होती. तिच्यात माणिक, पाचू, नीलम कुटून केलेले रंग होते. त्या रंगांनी काढलेल्या माणसाला ना सुरकुती असे, ना घाम. राजाने साऱ्या दरबाराची चित्रं काढवली आणि ती पाहून तो म्हणाला, “खऱ्या माणसांपेक्षा हीच बरी.” शब्द ओठांतून सुटला आणि शाप लागला. तेव्हापासून राज्यात काय चाललं आहे ते कुहकनाथ चित्रं काढून दाखवी, आणि राजा तेच खरं मानी.

वेशीपाशी येसा राहत असे. तिचा बाप रंगारी. तो लुगडी-पागोटी रंगवी, आणि उरल्यासुरल्या गेरूने, हळदीने, काजळीने येसा फळ्यांवर चित्रं काढी. पाट्यावर वाकलेली शेजारीण, ओसरीवर पेंगणारा न्हावी, शेळीच्या पायातला काटा. लोक म्हणत, हे तर आम्ही रोज पाहतो, यात काय काढायचं? असं म्हणत आणि फळीपुढून हलत नसत.

एकदा येसाच्या बापाने मांत्रिकाच्या कफन्या सगळ्यांच्या आधी रंगवायला नकार दिला. दुसऱ्याच दिवशी कुहकनाथाने खजिना फोडणाऱ्या चोराचं चित्र काढलं आणि चोराला रंगाऱ्याचा चेहरा दिला. राजाने बापाला तळघरात घातलं.

येसा रडत बसली नाही. रंगांच्या वाट्या पदरात बांधून ती महालाकडे निघाली. महाद्वाराच्या कमानीवर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, “शाप तीन चित्रांनी उतरेल. एक कष्टाचं, एक भुकेचं, एक लाजेचं. जे पाहिलं नाहीस ते काढू नकोस. रेघ खोटी पडली, तर तेच धुकं तुझ्या डोळ्यांत उतरेल.”

“बरं,” येसा म्हणाली.

कष्ट शोधायला ती नदीवर गेली. तिथे गिरजा परटीण धुणं पिळत होती. तिचा डावा हात कधीतरी मोडून वाकडा बसलेला. ती म्हणाली, पोरी, हात तेवढा सरळ काढ, राजा बघणार आहे. येसाने तिची समजूत घातली आणि हात होता तसाच काढला, फुगलेल्या शिरांसकट. ती फळी तिने दरबारात नेऊन राजापुढे धरली. खऱ्या रेघेवर धुकं बसत नाही. फळीतली परटीण त्याला स्वच्छ दिसली. त्याने मान वर केली, तर दरबारातल्या धुक्यात त्याला राबणारे हात दिसू लागले. वारा घालणारे, भाले धरणारे, जोडलेले. कितीतरी हात.

कुहकनाथ सावध झाला.

भूक येसाला गडाच्या पहाऱ्यावर सापडली. सिदोजी नावाचा म्हातारा रखवालदार एक भाकरी मोडून तिघांत वाटत होता. राजाला पहारेकऱ्यांची ताटं चित्रांत नेहमी भरलेली दिसत, म्हणून शिधा कुणी वाढवला नव्हता. येसा काढत असता कुहकनाथ शेजारी येऊन बसला. गोड आवाजात म्हणाला, “म्हाताऱ्यापुढे आणखी एक भाकरी काढ. तुझं काय जातं?”

येसाला सिदोजीची कणव आली. तिने दुसऱ्या भाकरीची कड काढली मात्र, उजव्या डोळ्यात धुकं उतरलं. तिने ती कड तळव्याने पुसून टाकली. धुकं गेलं नाही. मांत्रिक हसत उठून गेला. तिने उरल्या डोळ्याने चित्र पुरं केलं. ते पाहून राजाला भुकेल्या माणसांची तोंडं दिसू लागली, सुकलेल्या ओठांची, खपाटीला गेलेल्या गालांची. तो त्या दिवशी जेवला नाही.

उरली लाज. येसा तीन दिवस गावभर फिरली. लाजणारे पुष्कळ भेटले, पण त्यांची लाज राज्याला शाप लावण्याएवढी मोठी नव्हती. चौथ्या दिवशी तिने राजालाच निरोप धाडला की मला तुमचं चित्र काढायचं आहे. राजा जरीचा अंगरखा घालून सिंहासनावर बसला.

तेवढ्यात दारातून राजकन्या मृणावती आली. सात वर्षांची पोर. शाप लागल्यानंतर जन्मलेली, बापाने कधी न पाहिलेली; ती ना राबलेली ना भुकेली, म्हणून त्याला अजूनही धुकंच. ती म्हणाली, “बाबा, मी आले.” राजाने मायेने हात पुढे केला आणि तिच्या डोक्यापासून वीतभर बाजूला, रिकाम्या हवेवरून फिरवला. सवयीने ती सरकली आणि त्या हाताखाली जाऊन उभी राहिली.

येसाने तेच काढलं. रिकाम्या हवेवर फिरणारा हात काढला आणि त्याच्याखाली सरकणारी मुलगी काढली. प्रधान म्हणाला, हिचे हात तोडा. राजा म्हणाला, “फळी इकडे आणा.”

तो पुष्कळ वेळ पाहत राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हात काढले तेव्हा धुकं नव्हतं. साऱ्या दरबाराला चेहरे होते, आणि येसाचा उजवा डोळाही निवळला होता. पेटीतल्या रत्नांच्या रंगांची वाळू झाली. कुहकनाथाच्या मंत्रात बळ उरलं नाही. शिपायांनी त्याला दंडाला धरून नेलं.

रंगारी तळघरातून सुटला, पहाऱ्यावर त्याच दुपारी पोटभर शिधा गेला, आणि ज्याचा निवाडा चित्र पाहून झाला होता त्या प्रत्येकाला राजाने पुन्हा समोर बोलावलं.

पण हे सगळं नंतर. आधी तो सिंहासनावरून उतरला आणि मुलीपुढे गुडघ्यांवर बसला.

“तुझ्या गालावर देवीचे व्रण आहेत,” तो म्हणाला.

“तीन वर्षांची होते तेव्हा आल्या होत्या.”

“मी कुठे होतो?”

“इथेच होता, बाबा. माझ्या उशाशीच बसला होता.”

राजाने हात उचलला, आणि या वेळी मुलीला सरकावं लागलं नाही.