दुखायचा थांबलेला दात

विषय : सनईवादकाच्या वरच्या पुढच्या दाताचे रूट कॅनाल.
संदर्भ : सदर दाताने पाचव्या दिवशी दुखणे अचानक बंद केल्याबाबत.

एकदा एक तरुण सनईवादक आपल्या वृद्ध गुरूंकडे शिकत होता. देवीच्या यात्रेतील मुख्य सनई यंदा प्रथमच त्याच्याकडे आली होती. यात्रेला बारा दिवस उरले आणि त्याचा दात ठणकू लागला. फुंकताना ओठाला मागून आधार देणारा, नेमका तोच. गुरुजी रोज शांतपणे म्हणत, "दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जा." शिष्य रोज दाताशी लवंग धरी.

कारण गावातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने त्याला सावध केले होते. "रूट कॅनाल म्हणजे दाताची मुळं खणून काढतात, बाबा! जीव जातो. शिवाय वरच्या दाताला हात लावला की डोळे अधू होतात." व्यापाऱ्याने स्वतः हा उपचार कधी घेतला नव्हता. त्यामुळे त्याचे ज्ञान अनुभवाने दूषित झालेले नव्हते.

पाचव्या दिवशी शिष्य पेढे घेऊन धावतच आला. "गुरुजी, थांबलं! सकाळपासून एक कळ नाही! गार पाणी प्यालो, तरी काही नाही! देवी पावली!"

गुरुजींनी पुडा न उघडता बाजूला ठेवला, शिष्याचे मनगट धरले आणि ते अनवाणीच रस्त्याला लागले. चार दिवस शांत असलेला हा माणूस आज जवळजवळ पळत होता.

"अहो, पण आता दुखत नाही ना!"

"म्हणून तर पळतोय, शहाण्या! राखणदार ओरडत होता तोवर चोर कुंपणापाशी होते. आता तो गप्प झाला, आणि चोर गेले म्हणून तू पेढे वाटतोस? दाताची नस मेली असेल, रे. मग दुखणार कोण? कीड मुळातून हाडाकडे निघाली तरी तुला पत्ता लागायचा नाही. बाई आतली घाण काढतात. मूळ जागच्या जागी राहतं, दातही राहतो."

"आणि डोळे?"

गुरुजी थांबले. त्यांनी वरचा ओठ उचलला. तिथे फट होती.

"माझाही असाच गप्प झाला होता. मीही पेढे वाटले. महिन्याभरात गाल सुजला, दात काढावा लागला. खोटा बसवला तर तो फुंकेसरशी हलतो. वरचा सूर सटकायला लागला, तेव्हा सनई खाली ठेवली. लोक म्हणाले, वैराग्य आलं. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. डोळे मात्र शाबूत आहेत. त्या व्यापाऱ्याची अक्कल मला लांबूनही स्पष्ट दिसते."

यावर शिष्य गुरुजींच्याही पुढे पळू लागला.

दवाखान्यात भूल देऊन झाल्यावर तो खुर्चीचे हात आवळून बसला. बऱ्याच वेळाने बाईंनी हात थांबवल्यावर त्याने विचारले, "सुरू कधी करणार?"

"अर्धं झालंय," बाई म्हणाल्या.

यात्रेच्या दिवशी शिष्याने वरचा षड्ज लावला. तो स्थिर राहिला, लांबला, आणि देवळाच्या पायऱ्यांवरची माणसे बोलायची थांबली. गुरुजी समोरच बसले होते. त्यांचे ओठ सनई धरल्यासारखे मिटले होते.

सद्यस्थिती : उपचार पूर्ण. दात पोकळ झाल्याने तो फुटू नये म्हणून त्यावर महिन्याभरात टोपी (कॅप) बसवून घ्यावी, असे बाईंनी सांगितले होते. त्यास तीन महिने झाले. शिष्याचे म्हणणे, आता दुखत नाही, तर घाई काय? बाब प्रलंबित.